पोट साफ होत नाही? बद्धकोष्ठतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरवर आवाज खाली आणून मागितल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये पोट साफ करणाऱ्या चूर्णाचा नंबर बराच वर लागेल. चूर्ण वाईट असतं असं नाही. पण बहुतेकांचं दुखणं चूर्णाअभावी सुरू झालेलं नसतं. ते सकाळच्या घाईत सुरू झालेलं असतं, आणि बऱ्याचदा तिथेच सुटतं.

रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे का?

नाही. दिवसातून तीनदा जाणारा आणि आठवड्यातून तीनदा जाणारा, दोघंही निरोगी असू शकतात. आपल्याकडे रोज, तेही आंघोळीच्या आधी, हा जवळजवळ धार्मिक नियम झालाय. त्यामुळे एक दिवस चुकला तरी घरात चर्चा होते.

किती वेळा झाली यापेक्षा कशी झाली हे बघा. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी शौचाच्या स्वरूपाचा सात प्रकारांचा एक तक्ता केला आणि १९९७ पासून तो जगभर वापरात आला. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, दुसरा गाठीगाठींचा जाड तुकडा. हे दोन्ही बद्धकोष्ठतेचे. तिसरा-चौथा, म्हणजे सलग, मऊ आणि फार जोर न लावता होणारी, ही उत्तम. दोन दिवसांआड पण मऊ होत असेल तर तुम्हाला बद्धकोष्ठता नाही. रोज होते, पण कुंथून कुंथून घाम फुटतो आणि खडाच पडतो, तर ती आहे. आणि आयुष्यभर रोज जाणारा माणूस अचानक चार-चार दिवस जाईनासा झाला, तर त्याच्यासाठी तो बदलच महत्त्वाचा.

साठलेल्या मळाचं विष रक्तात जातं म्हणे. पुटकुळ्या, डोकेदुखी त्यानेच होते ना?

हे शंभरेक वर्षांपूर्वी डॉक्टरही मानायचे, आता मानत नाहीत. मोठं आतडं मळातलं पाणी शोषतं, विष नव्हे. पोट फुगल्याने जडपणा वाटतो, भूक मंदावते, चिडचिड होते, हे मात्र खरं. 'आतडी धुऊन देतो' अशा जाहिराती याच जुन्या भीतीवर चालतात. तिकडे पैसे घालवू नका. घरी साबणाच्या पाण्याचा एनिमा तर मुळीच नको, आतड्याचं अस्तर त्याने भाजल्यासारखं होतं.

सकाळी जाऊन बसतो, पण होतच नाही. काय चुकतं?

बहुधा वेळ चुकते.

झोपेत मोठं आतडं सुस्त असतं. आपण उठलो की ते जागं होतं, आणि पोटात काही गेलं की त्याला आणखी जोर येतो. जठर ताणलं गेलं की खालच्या आतड्याला 'जागा करा' असा निरोप जातो. तान्हं बाळ दूध पिता पिता शी करतं ते यामुळेच. हा निरोप सकाळी सगळ्यात जोरकस असतो. म्हणजे निसर्गाने गाडी दिली आहे, पण ती ठरलेल्या वेळी सुटते.

आता आपली सकाळ बघा. सहाला गजर, डबे, मुलांची रिक्षा, ७:१२ ची लोकल. कळ येते तेव्हा आपण पोळ्या लाटत असतो किंवा प्लॅटफॉर्मवर असतो. चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: बाहेर नंबर लागलेला, कोणीतरी दार वाजवतंय, अशा वेळी आलेली कळही पळून जाते. कळ दाबली की मळ आत थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो कडक होतो. दुसऱ्या दिवशी दुखतं म्हणून आपण आणखी टाळतो. महिनोन्‌महिने असं केलं की गुदाशयाला भरल्याची जाणीवच कमी होत जाते.

म्हणून पहिला उपाय खाण्याचा नाही. वीस मिनिटं लवकर उठा. कोमट पाणी किंवा चहा घ्या, जमलं तर काहीतरी खा. पंधरा ते तीस मिनिटांनी, कळ आली नसली तरी, जाऊन बसा. पाच ते दहा मिनिटं पुरे. नाही झालं तर उठा, दिवसभरात कळ आली की हातातलं काम टाकून जा. रोज तीच वेळ ठेवा. दोन-तीन आठवडे तरी द्या, दोन दिवसांत निकाल मागू नका. सकाळ अजिबातच जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतरची वेळही चालते, पण ती मग रोज पाळा.

मोबाइल बाहेर ठेवा. अर्धा-अर्धा तास नुसतं बसून राहिल्याने गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याधीला आमंत्रण मिळतं.

कमोड बरा की उकिडवं बसायचं भांडं?

पोट साफ होण्यासाठी उकिडवं बसणं बरं. गुदाशयाभोवती स्नायूचा एक पट्टा असतो, तो नळीला पुढे ओढून वाकवून ठेवतो. पाण्याच्या पाइपला मुडप घातल्यासारखं. उकिडवं बसलं की हा पट्टा सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो.

गुडघे कुरकुरणाऱ्यांना आणि फ्लॅटमध्ये दुसरं काही नसलेल्यांना कमोडच वापरावा लागतो. त्यांनी पायांखाली वीतभर उंचीचं, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरचं, ठोकळ्यासारखं न डुगडुगणारं स्टूल घ्यावं. स्वयंपाकघरातला पाट फार बुटका पडतो. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. पुढे वाका, कोपरं मांडीवर टेका, श्वास रोखून कुंथण्याऐवजी तोंडाने सावकाश श्वास सोडत पोट बाहेर फुगवा. ऐकायला विचित्र वाटेल असा हा 'व्यायाम' अनेकांना चूर्णापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मशेरी लावल्याशिवाय किंवा बिडी ओढल्याशिवाय होतच नाही. मग सोडू कशी?

तंबाखूतलं निकोटिन आतड्याला चाळवतं, त्यामुळे तुमचा अनुभव खोटा नाही. पण दोन मिनिटांच्या त्या कामासाठी तोंडाच्या कर्करोगाचा धोका दिवसभर अंगावर घेणं हा सौदा महाग आहे. चहा-कॉफीही आतडं हलवतात, तेवढ्यावर भागवा. तंबाखू सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे काहींचं पोट अडतं, आणि अनेक बायकांची मशेरी नेमकी याच कारणासाठी परत सुरू होते. म्हणून सोडायच्या आठवड्यातच इसबगोल सुरू करून ठेवा.

दिवसाला चार लिटर पाणी प्यायलं तर?

लघवीला जास्त जावं लागेल. शरीराला पाणी कमी पडत असेल तर भरून काढल्याने फरक पडतो, पण पुरेसं पिणाऱ्याने आणखी ओतलं म्हणून मळ मऊ होत नाही. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची राहील इतकं प्या.

खरा प्रश्न मुद्दाम पाणी न पिणाऱ्यांचा आहे. बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून एसटीने जाणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या बायका सकाळपासून घोटभरही पीत नाहीत. शाळेतल्या मुलीही. त्यांना 'पाणी प्या' एवढाच सल्ला देणं म्हणजे जखमेवर मीठ. निदान घरी परतल्यावर आणि सकाळी निघण्याच्या बरंच आधी पाणी घेणं, एवढं त्यांच्या हातात असतं.

खाण्यात नेमका काय बदल करू?

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा, लागतो. तो कुठून येतो ते बघा. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा कोंड्यासकट गव्हाच्या पिठात साधारण १० ते ११ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात किंवा मैद्यात जेमतेम तीन. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, संध्याकाळी वडापाव, रात्री पुन्हा भात असा दिवस गेला तर आतड्याने ढकलायचं तरी काय?

यावर महागडे ओट्स आणायची गरज नाही. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, एक पालेभाजी किंवा गवार-घेवडा, काकडी-गाजराची कोशिंबीर आणि एक मध्यम पेरू, इतक्यात दिवसाचा हिशेब जवळपास जमतो. सोलापूरकडच्या घरांत हे मुद्दाम करावं लागत नाही. पोळ्या करणाऱ्यांनी पीठ चाळून कोंडा टाकणं थांबवावं. गोव्यात असाल तर पांढऱ्या पावाऐवजी पोदेराकडची कोंड्याची पोई घ्या.

वाढवताना सावकाश वाढवा. सोमवारी ठरवून मंगळवारी ढीगभर कडधान्य खाल्लं तर पोट नगाऱ्यासारखं फुगेल आणि तुम्ही म्हणाल, 'मला हे सोसत नाही.' दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, सोबत पाणी ठेवा. खाल्लेलं बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे आजच्या कोशिंबिरीचं फळ उद्या सकाळीच मागणं बरोबर नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. काहींचं आतडंच मुळात फार संथ असतं किंवा खालचा स्नायू कुंथताना सैल व्हायच्या ऐवजी आवळला जातो. अशांना तंतू वाढवून उलट फुगारा येतो. महिनाभर नीट प्रयत्न करूनही त्रास वाढतच असेल तर चोथा आणखी वाढवू नका, तपासून घ्या. 'झालं, पण पूर्ण झालं नाही' ही ज्यांची रोजची तक्रार, त्यांच्यातल्या अनेकांचं मूळ या स्नायूत असतं, आणि त्याला औषधापेक्षा हा स्नायू योग्य वेळी सैल सोडायला शिकवणारं, बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण जास्त उपयोगी पडतं.

उपवासानंतर हमखास पोट अडतं. असं का?

कारण साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच, तो निव्वळ पिष्ट. त्यावर तळलेले बटाटे आणि दिवसभर चहा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' करूनही आतड्याच्या वाट्याला काही येत नाही. नवरात्रात नऊ दिवस हे चाललं की दसऱ्याला त्रास ठरलेला. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, सालासकट उकडलेलं रताळं, शेंगदाणे, काकडी, पपई, खजूर हे सगळं उपवासाला चालतं. खिचडी एक वेळ खा की, आम्ही नाही म्हणत नाही.

केळं, पेरू, अंजीर, मनुका: यांतलं खरंच काय लागू पडतं?

पेरू पहिला. शंभर ग्रॅममध्ये आठ ग्रॅमच्या आसपास तंतू, आणि थंडीत गल्लोगल्ली मिळतो. बिया अडकतात ही भीती सोडा, त्या जशाच्या तशा बाहेर पडतात. पिकलेलं केळं ठीकठाक, पण हिरवट केळं काहींना उलट अडवतं. सुक्या आलुबुखाऱ्यात सॉर्बिटॉल ही पाणी ओढून घेणारी साखर असते, म्हणून तो चांगला चालतो. दिवसाला दोन हिरवी किवी खाण्याचे प्रयोगही चांगले निघालेत. पण ही दोन्ही खिशाला चाट लावणारी. रात्री भिजवलेली दोन-तीन सुकी अंजिरं किंवा मूठभर काळ्या मनुका भिजवलेल्या पाण्यासकट घेतल्या तरी पुष्कळ. मधुमेह असेल तर सुकामेवा हात राखून, पेरू त्यापेक्षा बरा.

दुधात तूप घालून रात्री घेणं हा आजीचा उपाय. त्याच्या बाजूने फारसा पुरावा नाही, पण एक चमचा तुपाने बिघडतही नाही.

इसबगोल कसं घ्यावं?

इसबगोल म्हणजे एका छोट्या रोपाच्या बियांचं साल. त्याचं पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानात आणि मोठा बाजार उत्तर गुजरातेत उंझ्याला. ते पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ, भरीव करतं. आतड्याला चाबूक मारत नाही, म्हणून रोज घेतलं तरी चालतं.

चूक होते ती पाण्यात. एक ते दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट व्हायच्या आत प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाणी घेणारे महाभाग आहेत. ते घशात अडकू शकतं आणि पाण्यावाचून आतड्यात गोळाही होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या, गिळायला त्रास होणाऱ्या किंवा आतडं कुठे अरुंद झालेल्या माणसाला देऊ नका. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा. गुण यायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो.

मग त्रिफळा, एरंडेल आणि ती तयार चूर्णं?

त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. हिरडा आपल्या सह्याद्रीतला, जुन्नर-आंबेगाव-भीमाशंकर पट्ट्यात आदिवासी कुटुंबं तो गोळा करून विकतात. हे सौम्य रेचक आहे. रात्री अर्धा-एक चमचा कोमट पाण्यातून काही दिवस घेण्यात सहसा अडचण नसते.

तयार चूर्णांची गोष्ट वेगळी. डबीच्या मागे बारीक अक्षरांत बघा, बहुतेकांत सोनामुखी सापडेल. ती आतड्याला ढकलून काम करवते. रात्री घ्या, सकाळी मोकळे. आता पुढे काय होतं ते ऐका. आतडं एकदम रिकामं झालं की पुढचे एक-दोन दिवस बाहेर पडायला आत काही नसतंच. माणूस घाबरतो, 'बघा, औषधाशिवाय होत नाही', आणि पुन्हा चमचा तोंडात. लागलेली सवय बऱ्याचदा आतड्याला नसून मनाला असते. नेहमीच्या मात्रेने आतडं कायमचं निकामी होतं याला पक्का पुरावा नाही, पण मात्रा वाढवत नेल्यास पोटॅशियम घटतं, पोटात मुरडा येतो. अधूनमधून, अडल्या वेळी घ्या. सोडायचं असेल तर आधी इसबगोल आणि सकाळची वेळ बसवा, मग चूर्ण एक दिवसाआड, दोन दिवसांआड असं कमी करा.

एरंडेल. दर महिन्याला नाक दाबून मुलांना पाजायचा तो प्रकार बंद झाला ते बरंच झालं. गरोदरपणात तर अजिबात नाही, गर्भाशयालाही कळा येऊ शकतात.

रोजच्यासाठी डॉक्टर जास्त करून लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मॅग्नेशियमची पांढरी औषधं परस्पर घेऊ नयेत.

दुसऱ्या एखाद्या गोळीमुळे असं होऊ शकतं का?

नेहमीच. लोह, कॅल्शियम, काही रक्तदाबाच्या गोळ्या (अम्लोडिपिन, त्याहून जास्त व्हेरापामिल), ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक, कोडिनचं खोकल्याचं औषध, नैराश्यावरच्या काही गोळ्या. त्रास कधी सुरू झाला आणि गोळी कधी सुरू झाली, या दोन तारखा जुळवून बघा. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना तारखा सांगा. थायरॉइड कमी असणं, जुना मधुमेह आणि पार्किन्सन हीसुद्धा कारणं आहेत.

गरोदर आहे. काय चालेल?

संप्रेरकांनी आतडं मंदावतं, वरून लोहाची गोळी. आहार, पाणी, चालणं आणि इसबगोल चालतं. त्याने न भागल्यास डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोज. लोहाची गोळी मात्र सोडू नका, वेळ किंवा प्रकार बदलून मिळू शकतो.

मुलगा शी दाबून धरतो, पाय आवळून कोपऱ्यात उभा राहतो.

तो हट्ट करत नाहीये, घाबरलाय. एकदा कडक शी झाली, दुखलं, तेव्हापासून तो टाळतो. ओरडू नका, मित्राच्या मुलाशी तुलना नको. आधी शी मऊ व्हायला हवी, आणि त्याला बालरोगतज्ज्ञांचं औषध कित्येकदा महिनोन्‌महिने द्यावं लागतं. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केलं की पहिले पाढे पंचावन्न. जेवणानंतर पाच मिनिटं, पायाखाली स्टूल देऊन बसवा. दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाचं दूध कमी केल्यावर जेवणही सुधारतं आणि पोटही. शाळेचं स्वच्छतागृह घाण असेल तर ते शाळेला सांगायचं काम आपलं.

फक्त आईच्या दुधावरचं बाळ कधी कधी आठवडाभर शी करत नाही. शी मऊ असेल, बाळ पीत-खेळत असेल तर घाबरू नका. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचं देठ घालणं नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. मात्र जन्मानंतर दोन दिवसांत पहिली काळी शी झाली नसेल, किंवा पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, तर तातडीने रुग्णालय.

आजोबांना आठवडाभर झाली नव्हती, आता पातळ होतेय. म्हणजे मोकळं झालं ना?

कदाचित उलटंच. कडक गोळा अडकून राहतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतं, कपडे खराब होतात. घरचे जुलाब समजून ते थांबवायची गोळी देतात आणि गोळा आणखी घट्ट बसतो. अशा वेळी डॉक्टरांनी बोटाने तपासणं गरजेचं असतं.

घरगुती उपाय कधी थांबवायचे?

शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण विचारून घ्या). कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर नव्यानेच सुरू झालेला त्रास. घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग. यांपैकी काहीही असेल तर आठवड्याच्या आत दाखवा. 'मूळव्याधच असेल' म्हणून रक्ताकडे वर्षभर काणाडोळा करणारे फार. पोट टम्म फुगलंय, वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या होताहेत, तर त्याच तासाला निघा. अशा वेळी रेचक देणं धोक्याचं असतं.

प्रवासात हमखास अडतं. काय न्यावं?

इसबगोलच्या पुड्या, पाण्याची बाटली, चार पेरू. मुक्कामी पोहोचलात की यजमानांच्या घरी बाथरूम कधी मोकळी असते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.